शंभर नावांची यादी

माझ्या टेबलाच्या खणात वहीचं एक पान आहे. दोन्ही बाजूंनी भरलेलं, निळ्या शाईत, १ ते १०० आकडे घालून. माझ्या एका विद्यार्थिनीनं नोकरीच्या दुसऱ्या दिवशी ते लिहिलं. देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातली ही मुलगी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत एका विमा कंपनीत विक्री अधिकारी म्हणून लागली. प्रशिक्षणाच्या वर्गात प्रत्येकाच्या हातात कोरं पान आलं आणि सांगण्यात आलं, तुम्हाला नावानं ओळखणाऱ्या शंभर माणसांची यादी करा. नावापुढे फोन नंबर, वय, घरात कमावणारं कोण, लग्नाच्या वयाचं कोणी आहे का.

यादी घरापासून सुरू होते. काका, मावशी, आतेचे यजमान. मग वाडी. मग शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडीच्या बाई, पोस्टातले काका. ज्या एसटीनं ती पाच वर्षं कॉलेजला आली त्या गाडीचे, आता निवृत्त झालेले कंडक्टर. आईच्या बचत गटातल्या बायका, एकीमागून एक. वडील ज्या बोटीवर खलाशी आहेत त्या बोटीचे मालक. एक्केचाळिसाव्या क्रमांकावर मी. काही नावांपुढे बरोबरची खूण आहे, काहींपुढे फुली, काहींपुढे 'गणपतीनंतर', एका नावापुढे 'आंब्याची पट्टी आल्यावर', म्हणजे बाजारातून आंब्याचा हिशोब आणि पैसे आल्यावर. माझ्या नावापुढे बरोबरची खूण आहे. मला त्या पॉलिसीची गरज नव्हती. ती समोर बसली होती, घामाघूम झाली होती, आणि तीन वर्षं शिकवलेल्या मुलीला नाही म्हणणं मला जमलं नाही. त्या पानावरच्या बऱ्याच खुणा अशाच पडल्या असणार.

सातव्या महिन्यात यादी संपली. पुढचे महिने तिनं खारेपाटणपासून कुडाळपर्यंत स्कूटरवरून अनोळखी दारं ठोठावत काढले. पेट्रोल स्वतःचं. मग भाद्रपद आला. आमच्याकडे गणपतीत घरोघर आरत्या असतात, आमंत्रण लागत नाही, दार उघडंच असतं. ती नेहमीच्या घरी आरतीला शिरली, तर माजघरातून काकीनं विचारलं, "फॉर्म घेऊन इलंस काय गो?" काकीच्या मनात वाईट काही नव्हतं. ती सहज बोलली. पण त्या दिवशी मुलगी आरती न म्हणता परत फिरली, आणि गौरीविसर्जनानंतर माझ्याकडे प्रयोगशाळेत आली. खुर्चीवर बसली नाही, सिंकपाशी उभी राहिली. "मॅडम, आता मी कोणाच्या घरी जाऊ?"

मला आधी वाटलं, ही नवीन गिऱ्हाइकं कुठे शोधायची ते विचारते आहे. तिला ते विचारायचं नव्हतं.

हे सगळं इतकं तपशिलानं सांगायचं कारण म्हणजे 'मला विक्रीची नोकरी नको, मन लागेल असं काहीतरी करायचं आहे' असं एखाद्या नव्या पदवीधरानं म्हटलं, की आपण मोठी माणसं लगेच ठरवून टाकतो की मुलाला कष्ट नकोत. मीही कितीतरी वेळा असंच ठरवलं आहे. तीन वर्षांत किमान दहा-बारा मुलामुलींना मी सांगितलं, 'टिकून राहा, अनुभव मिळेल.' आज मला ते चुकीचं वाटतं, आणि का चुकीचं वाटतं तेच मांडायचा हा प्रयत्न आहे.

कंपनीला तिच्या रसायनशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. पदवी फक्त अर्जाला जोडायला लागली. कंपनीनं कामाला लावली ती तिची ओळख. बावीस वर्षं त्या गावात वाढून, मयताला-लग्नाला उभं राहून, शेजारच्या म्हातारीला औषध आणून देऊन जो विश्वास तिच्या घरानं मिळवला होता, तो सात महिन्यांत हप्त्यांत रूपांतरित झाला. यादी संपल्यावर त्या नोकरीत तिची किंमतही संपत आली. दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर फोन सुरू व्हायचे. टार्गेटचं काय झालं, क्लोजिंग कधी देतेस. पुढच्या बॅचमध्ये नवी मुलं होतीच, नवी कोरी पानं घेऊन.

मोठ्या शहरात हे इतकं बोचत नसेल. पुण्यात पॉलिसी विकणारा मुलगा संध्याकाळी ज्या इमारतीत परत जातो तिथे त्याचं गिऱ्हाईक राहत नाही. वाडीत सगळे तेच असतात. ज्याला पॉलिसी दिली त्याच्याच पडवीत पुढची पन्नास वर्षं बसायचं असतं. म्हणून गावातल्या पदवीधराला विक्रीची नोकरी नकोशी होते तेव्हा त्यात नाजूकपणा शोधू नये. आपल्या माणसांसमोर मान वर करून उभं राहता येईल असं काम त्याला हवं असतं. समाधान या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे, आणि तो चैनीचा नाही.

त्या निवृत्त कंडक्टरांचं उदाहरण सांगायलाच हवं. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातले काही त्यांनी तिच्याकडे दिले. तिचा वरिष्ठ बरोबर होता, बोलणं त्यानंच केलं. 'बँकेत ठेवल्यासारखंच आहे' हे वाक्य त्यानं तीनदा उच्चारलं. दर वर्षी तेवढाच हप्ता भरायचा आहे हे कंडक्टरांना कळलं ते दुसऱ्या वर्षाचा संदेश मोबाईलवर आला तेव्हा. पॉलिसीची कागदपत्रं हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, असा नियम आहे. २०२४ पासून ही मुदत सगळ्या पॉलिसींना आहे, आधी साधारण १५ दिवसांची होती. पण तो नियम त्यांना कोणी सांगितला नाही. तिला माहीत होता. ती गप्प राहिली, कारण वरिष्ठ शेजारी बसला होता आणि महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. मला हे सांगताना ती रडली नाही. फक्त म्हणाली, त्यांनी मला पाच वर्षांत कधी उभ्यानं येऊ दिलं नाही, मॅडम, पुढची सीट राखून ठेवायचे.

आता दुसरी बाजू. तिची आई मला भेटायला आली, मुलीला समजवा म्हणून. "पगार येता मां वेळेर? मगे आणखी काय व्हया तिका?" या प्रश्नाला उडवून लावणारा माणूस कोकणात राहिलेला नसावा. १ जूनला मासेमारी बंद होते, बोटी वर ओढल्या जातात, आणि निदान दोन महिने खलाशाच्या घरात रोजची आवक नसते. त्या वर्षी ते दोन महिने मुलीच्या पगारावर निघाले. धाकट्या भावाची अकरावीची फी तिनं भरली. ज्या घरात पगाराचा असा आधार आहे, तिथे 'मन मारू नकोस, नोकरी सोड' असं सांगणं मला जमणार नाही, आणि जो सहज सांगतो त्याच्या सल्ल्यावर माझा विश्वास नाही.

वडीलधारी मंडळी म्हणतात, आमच्या बापजाद्यांनी गिरणीत जन्म काढला, त्यांनी कुठे समाधान मागितलं? मान्य आहे, त्यांच्याइतके कष्ट आज कोणी उपसत नाही. पाळीपाळीनं झोपायच्या खोल्या, खानावळीचं जेवण, वर्षातून एकदा गाव. पण एक गोष्ट विसरू नये. गिरणीतला चाकरमानी परळ-लालबागला राबायचा आणि पैसा मनीऑर्डरीनं गावी यायचा. त्या कमाईपायी गावातलं एकही नातं खर्ची पडलं नाही. उलट गणपतीला तो आला की सगळी वाडी त्याच्या भोवती जमायची. त्याला आपलं काम हातात येत होतं, साचा कुठे अडतो हे तो आवाजावरून ओळखायचा, आणि अन्याय झाला तर युनियन होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्याच्या मागे उभं राहायला लाखो माणसं होती. माझ्या विद्यार्थिनीच्या मागे एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, ज्यावर रोज सकाळी कालचे आकडे उतरत्या क्रमानं लागायचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोकणाचं दुखणंच हे की आम्हाला विकता येत नाही. पिकवतो आम्ही, विकतो दुसरा. बागायतदार पेट्या भरून वाशीला पाठवतो आणि मग पट्टी काय येते त्याची वाट बघत बसतो. मग शिकलेल्या मुलांनी विक्रीकडे पाठ फिरवली तर कसं व्हायचं? हा आक्षेप मला शंभर टक्के पटतो. आणि म्हणूनच मला वाटतं, ज्याला आपण सरसकट 'सेल्स' म्हणतो त्यात दोन अगदी वेगळी कामं कोंबलेली आहेत.

देवगडात एप्रिलमध्ये एखाद्या बागेत जाऊन बघा. झेल्यानं उतरवलेला आंबा खाली पडू न देता क्रेटमध्ये ठेवतात. मग वजनावर निवड होते, पेंढ्यात आढी लागते. ज्याला आंबा कळतो तो मुलगा आढीतलं एक फळ उचलतो, देठाजवळ बोट फिरवतो, वास घेतो आणि सांगतो, परवा. हापूसला साक्याचा धोका असतो. बाहेरून फळ सोन्यासारखं दिसतं आणि आत गर पांढुरका, आंबट, बेचव निघतो. वरून ते कळत नाही. म्हणून प्रामाणिक विकणारा प्रत्येक लॉटमधली चार फळं स्वतः कापून बघतो आणि साका निघाला तर तो लॉट कॅनिंगला देतो. हाच साका नको म्हणून आपल्या कोकण कृषी विद्यापीठानं हापूस आणि नीलम यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, मग रत्ना आणि हापूसपासून 'सिंधू'. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी देवगडचं नाव छापलेल्या खोक्यात परराज्यातला आंबा भरून विकणं थांबलं नाही. म्हणून इथल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात फळाफळावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर लावायला घेतलं. या सगळ्यात विक्रीच आहे. पण विकणाऱ्याला माल माहीत आहे, माल चुकीचा निघाला तर गिऱ्हाइकाचा फोन त्यालाच येणार आहे, आणि पुढच्या वर्षी त्याला त्याच माणसाला आंबा द्यायचा आहे. या विक्रीतून माझी एकही विद्यार्थिनी उदास होऊन परतलेली नाही. दमून परततात, ते वेगळं.

याच्या शेजारी ठेवा कीटकनाशकांच्या कंपनीत लागलेला आमचा कृषी पदवीधर. चार वर्षं तो फुलकिडे, तुडतुडे, त्यांचं जीवनचक्र, कोणतं औषध कधी आणि किती, हे शिकला. मोहोर करपलेला बागायतदार त्याला डोळ्यांत प्राण आणून विचारतो, काय मारू? त्याला ठाऊक असतं की तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारल्यानं कीड दाद देईनाशी झाली आहे, आता थांबायला हवं. पण महिन्याला अमुक लिटर दुकानात उतरलंच पाहिजे, असा आकडा वरून आलेला असतो. जे शिकला त्याच्या विरुद्ध बोलण्याचा त्याला पगार मिळतो. अशा मुलाला आपण 'अजून लहान आहे, कळेल' म्हणून गप्प करतो. त्याला पुरतं कळलेलं असतं, म्हणूनच तो अस्वस्थ असतो.

या मुलांना विक्रीकडे ढकलतो कोण? दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९८.८२ टक्के, बारावीचा ९६.७४. वर्तमानपत्रांत मुलींचे हसरे फोटो येतात. आणि त्याच कोकणातल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत चक्क कमी झाली. रत्नागिरीत सुमारे ८२ हजारांनी, सिंधुदुर्गात सुमारे १९ हजारांनी. राज्य वाढत होतं आणि आम्ही घटत होतो. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे गेले ते सांगायला नको. हुशार मुलं पिकवायची आणि गाडीत बसवून द्यायची, हे आम्ही इतकं अंगवळणी पाडून घेतलं की जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी काय काम आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मागे राहणाऱ्यांत मुली अधिक असतात. घराजवळ, स्कूटरवर जाऊन येण्याजोगी नोकरी म्हटली की विमा, मायक्रोफायनान्स, मोबाईलचं दुकान, बँकेच्या काउंटरवरची कार्डं. तेवढंच समोर येतं.

आणि आम्ही कॉलेजवाले? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली याचा रकाना असतो. आमच्या अंगणात कंपनीचा मांडव पडतो, एका दिवसात चाळीस-पन्नास नेमणुकीची पत्रं वाटली जातात, प्राचार्यांसोबत फोटो निघतो, टक्केवारी वर जाते. त्या रांगेत माझी विद्यार्थिनी उभी होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवून 'जा' म्हणणारी मी होते. ती चौदा महिन्यांनी सोडून आली तेव्हा अहवालातला तिचा आकडा तसाच राहिला. अठरा महिन्यांनी तो विद्यार्थी कुठे आहे, हे विचारणारा रकाना आमच्या फॉर्मात नाही. तो असता, तर कुठल्या कंपनीला पुन्हा अंगणात मांडव घालू द्यायचा हे आम्हाला आपोआप समजलं असतं. मी ही मागणी स्टाफ मीटिंगमध्ये मांडली आहे आणि मांडत राहणार आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीतच ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट आणले. यातून खूप काही करता आलं असतं. प्रत्यक्षात मुलं मामाच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणतात आणि आम्ही श्रेयांक देऊन टाकतो. दोष मुलांचा नाही. आम्ही त्यांना जागा शोधून दिल्या नाहीत.

जागा आहेत का? आहेत, आणि त्या स्वप्नातल्या नाहीत. मी रसायनशास्त्राची, तर पाण्याचंच बोलते. आमच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पाऊस धो धो पडतो आणि तसाच वाहून जातो. मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, किनाऱ्याजवळ खारं पाणी आत येतं, कुठे लोहाचं प्रमाण इतकं की पांढरं कापड तांबूस होतं. पहिल्या पावसात विहिरीत काय काय उतरतं ते तर विचारू नका. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी किट वापरायला शिकवायचं आहे, आणि राज्याला मिळणाऱ्या निधीतले २ टक्क्यांपर्यंत पैसे पाण्याची गुणवत्ता तपासण्यासाठी वापरायची सोय आहे. आता सांगा, त्या पाच बायकांना किट नीट वापरायला कोण शिकवणार? नमुना बाटलीत घेताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, क्लोरीन उडून जाण्याआधी तिथेच मोजायचं, रंग सावलीत ताडून बघायचा, मग आकडा नोंदवायचा. आणि त्या आकड्याचा अर्थ ग्रामसभेत उभं राहून सोप्या मालवणीत सांगायचा. माझी विद्यार्थिनी हे डोळे मिटून करू शकते. तालुक्याला अशा चार-पाच पदवीधरांना वर्षभराचं मानधन दिलं, तर त्यांच्या शिक्षणाचा उपयोग होईल आणि गावाला आपलं पाणी कळेल.

पैसा नाही, हे उत्तर मी मानत नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पैसा निघाला, मुलं कार्यालयांत आलीसुद्धा. माझ्या ओळखीची जी मुलं गेली त्यांनी काय केलं? आवक-जावक नोंदवली, झेरॉक्स काढल्या, साहेबांचे संदेश टाइप केले. मुदत संपली, घरी आली. हीच मुलं विहिरींच्या नोंदींवर, फळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेत, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, कातळशिल्पांच्या मोजणीवर लावता आली असती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात ठिकाणांची आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या कुडोपीची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि त्यातली काही आजही उघड्या सड्यावर तशीच पडून आहेत, गुरं त्यावरून चालतात. इतिहासाची पदवी घेतलेला मुलगा कणकवलीत क्रेडिट कार्ड विकतो.

वेळासचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मंडणगड तालुक्यातल्या त्या गावात २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, ती गावातल्याच माणसांना हाताशी धरून. पुढे कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला पाहुणे येऊ लागले, घरांत राहू लागले, गावात पैसा आला. तिथला मुलगा पाहुण्याला जे दाखवतो तेही विकणंच आहे. पण पहाटे वाळूवरचा माग कोणता कासवाचा आणि कोणता कुत्र्याचा हे त्याला कळतं. पाहुणा पैसे देतो ते त्या कळण्याचे. असं एक वेळास उभं राहायला किती वर्षं लागली ते मला ठाऊक आहे, आणि प्रत्येक गावात कासवं येत नाहीत हेही. तरी दिशा तीच.

विक्रीच्या नोकऱ्या राहणारच, त्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्या माणुसकीला धरून तरी असाव्यात. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी १९७६ सालीच वेगळा कायदा झाला. नेमणूकपत्र ठरलेल्या नमुन्यातच द्यायचं, कामाच्या दिवसांच्या प्रमाणात भरपगारी रजा द्यायची. तो कायदा आपसूक आला नाही, एमआर मंडळी संघटित झाली म्हणून आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी सगळ्याच कामगारांना नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. मग कॉलेजच्या आवारात भरती करणाऱ्या कंपनीकडून आम्ही इतकं तर मागू शकतो की पत्रावर ठरलेला पगार किती आणि टार्गेटवर अवलंबून किती हे वेगवेगळं लिहा, पेट्रोल कोणाचं ते लिहा, मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ नका, आणि पहिल्या दिवशी ओळखीच्यांची यादी मागू नका. हे लिहून द्यायला जी तयार नाही, त्या कंपनीला मांडव नको.

मुलांना मी आता काय सांगते? नोकरी सोडून घरी बसू नका, कारण कोकणातल्या घरी बसलेल्या पदवीधराला चार महिन्यांत सगळी वाडी सल्ला देऊ लागते आणि मग पहिली मिळेल ती नोकरी पुन्हा घ्यावी लागते. हातातली ठेवून दुसरी शोधा. शोधताना 'मला काय आवडतं' यापेक्षा 'मला काय येतं आणि इथे कोणाचं त्यावाचून अडलं आहे' हे आधी विचारा, उत्तर लवकर सापडतं. कमी पगार घ्यावा लागला तर किती कमी चालेल तो आकडा आईवडिलांसमोर वहीत लिहून काढा. माझ्या विद्यार्थिनीनं तो लिहिला. तीन हजार. तेवढी खोट आम्ही सोसू, असं तिचे वडील म्हणाले. बोटीवरचा माणूस, फारसा बोलत नाही. आईनं मान हलवली नाही, पण उठूनही गेली नाही.

मार्चअखेर ती देवगडातल्या एका कॅनिंगच्या कारखान्यात लागली, तपासणीच्या टेबलावर. सकाळी टेम्पो येतात, आंबा धुऊन निघतो, गर काढणीचं यंत्र सुरू होतं. प्रत्येक बॅचचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवायचा, प्रकाशाकडे धरायचा, ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, वाचायचा, आम्लता काढायची, नोंदवहीत सही करायची. एकदा तिनं एक बॅच अडवली. मालक चिडले, स्वतः चव घेतली, आणि बॅच बाजूला काढायला सांगितली. मला फोनवर हे सांगताना तिचा आवाज मी तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलनंतर पहिल्यांदा तसा ऐकला.

पावसाबरोबर कॅनिंग आवरतं. पुढे कोकम, आवळा असं थोडं असतं, पण बाराही महिने तिला ठेवता येईल असं मालकांनी अजून सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात ती निवृत्त कंडक्टरांच्या घरी गेली होती. विमा लोकपालांकडे करायचा अर्ज तिनंच लिहून नेला, आधी कंपनीकडे केलेल्या तक्रारीची प्रत जोडून, शेवटी स्वतःच्या सहीचं निवेदन लावून, की त्या दिवशी त्यांना काय सांगितलं गेलं आणि तिच्याकडून काय सांगायचं राहिलं. त्यांनी तिला आत बोलावलं, चहा दिला. अर्जावर सही करायला चष्मा सापडेना, तर तिनंच तो खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून काढून दिला.